सिसिलीत कुठे खावं, काय प्यावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सिसिलीत, म्हणजे इटलीच्या दक्षिणेकडच्या बेटावर, वाईट जेवण पदरी पडतं ते बहुतेक वेळा चुकीच्या वेळी चुकीच्या दुकानात शिरल्यामुळे. तिथे प्रत्येक पदार्थाची ठरलेली वेळ आहे आणि दुकानही ठरलेलं आहे. मिसळ शोधत कुणी रात्री नऊला कोल्हापुरात फिरला तर त्याला जे मिळेल, तेच संध्याकाळी पाचला सिसिलीच्या राजधानीत, पालेर्मोत, पास्ता मागणाऱ्याला मिळतं: गरम करून वाढलेलं काहीतरी. म्हणून ‘सिसिलीतली दहा उत्तम रेस्टॉरंटं’ असल्या याद्या बाजूला ठेवा. आधी घड्याळ आणि पाट्या समजून घ्या, मग पदार्थांकडे वळू.

सोबत काय असावं

- सुटे युरो. ५ आणि १० च्या नोटा, १ आणि २ ची नाणी. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण बाजारातल्या हातगाडीवर ५० ची नोट काढलीत तर विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.
- फोनमध्ये अनुवादाचं ॲप, इटालियन भाषा आधीच उतरवून ठेवलेली. फळ्यावर खडूनं लिहिलेला मेन्यू ॲपला धड वाचता येत नाही, त्यामुळे खाली दिलेले शब्द पाठच असलेले बरे.
- काय खात नाही याची इटालियनमधली चिठ्ठी. मजकूर पाचव्या पायरीत आहे.
- कागदी रुमाल किंवा ओले टिश्यू. रस्त्यावरचं निम्मं खाणं तेलकट असतं आणि हात धुवायची सोय नसते.
- उन्हाळ्यात पाण्याची बाटली.

१. आधी घड्याळ लावून घ्या

सकाळी ७ ते ११ बार आणि गोडाच्या दुकानांची वेळ. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, फार तर तीन. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्री साडेसात-आठच्या आधी उघडत नाही. स्थानिक माणसं उन्हाळ्यात नऊ-साडेनऊला जेवायला बसतात. दुपारी चारला दारात उभा राहून आत बोलावणारा वेटर दिसला, की ते ठिकाण फक्त पर्यटकांवर चालतं असं समजून पुढे चालू लागा.

मधल्या वेळेत भूक लागली तर रोस्तिच्चेरिया किंवा बार गाठायचा, पुढच्या पायरीत ते येईलच.

आठवड्याची सुट्टी बऱ्याच ठिकाणी सोमवारी असते, काही ठिकाणी रविवारी रात्री. रविवारचं दुपारचं जेवण हा कुटुंबाचा कार्यक्रम असतो, त्यामुळे चांगल्या ठिकाणी शुक्रवारपर्यंत टेबल सांगून ठेवावं लागतं. १५ ऑगस्टच्या आसपास शहरातली निम्मी शटरं खाली असतात आणि समुद्रकाठी बसायला जागा नसते. त्या आठवड्यात जायचंच असेल तर जेवणाची ठिकाणं आधी फोन करून पक्की करा.

२. पाट्या ओळखा

*बार* म्हणजे दारूचा अड्डा नव्हे. सकाळी कॉफी, दुपारी नाश्त्याचे पदार्थ, संध्याकाळी वाइन, सगळं तिथेच. आपल्या इराण्याच्या हॉटेलाची आठवण यावी अशी जागा. गर्दीच्या बारमध्ये आधी *कास्सा*वर, म्हणजे गल्ल्यावर, पैसे द्यायचे, पावती घ्यायची (तिला *स्कोन्त्रीनो* म्हणतात) आणि ती काउंटरवर ठेवून ऑर्डर सांगायची. पावतीशिवाय काउंटरशी उभं राहिलं तर कुणी ढुंकूनही बघत नाही. यात उद्धटपणा काही नाही, पद्धतच तशी आहे. लहान बारमध्ये आधी प्यायचं आणि जाताना पैसे द्यायचे. कुठली पद्धत आहे ते पुढचा माणूस काय करतोय ते बघून कळतं.

उभ्यानं प्यायची कॉफी साधारण सव्वा ते दीड युरोला मिळते. तीच टेबलावर बसून मागितली तर दर वेगळा, आणि ताओर्मिनासारख्या ठिकाणी तो तिप्पटही असू शकतो. यात फसवणूक नाही, दरफलकावर दोन रकाने असतात: *बांको* उभ्याचा, *तावोलो* बसण्याचा.

*रोस्तिच्चेरिया* आणि कातानियातली *तावोला काल्दा* ही तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांची दुकानं. *फ्रिज्जितोरिया* फक्त तळणाची. *पानिफीचो* म्हणजे बेकरी. तिथे सकाळी अकराच्या सुमाराला भट्टीतून चौकोनी पिझ्झ्याचे तुकडे निघतात आणि वजनावर विकले जातात, स्वस्तात पोट भरायला हे उत्तम. *पास्तिच्चेरिया* म्हणजे मिठाईचं दुकान.

बसून जेवायला *त्रात्तोरिया* किंवा *ओस्तेरिया*. पूर्वी *रिस्तोरांते* महाग आणि त्रात्तोरिया घरगुती असा सरळ हिशोब होता. आता नावावरून काही ठरत नाही, बाहेर लावलेला मेन्यू वाचा. एका पानाचा, फक्त इटालियनमध्ये, हातानं लिहिलेला असेल तर आत जा. सहा भाषांत, फोटोंसकट, आणि त्यात लझान्यापासून बर्गरपर्यंत सगळं असेल तर नको.

गाडी असेल तर *आग्रितुरिस्मो* सोडू नका. शेतातलं घर, ठरलेल्या रकमेत सगळं जेवण, बहुतेक घरचंच. पण न कळवता गेलात तर चूल पेटलेलीच नसते. आदल्या दिवशी फोन करायचा आणि काय खात नाही तेही तेव्हाच सांगायचं.

३. सकाळ: ग्रानिता आणि ब्रिऑश

पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे मेस्सिना, आचिरेआले, कातानिया, सिराकुझा या पट्ट्यात, उन्हाळ्यातला नाश्ता म्हणजे *ग्रानिता*. ‘बर्फाचा गोळा’ असं भाषांतर करू नका. गोळ्यात बर्फ किसून वरून रंगीत पाक ओततात. ग्रानितात रस, साखर आणि पाणी सुरुवातीपासून एकत्र घुसळत गोठवतात, त्यामुळे कण बारीक राहतात आणि चव शेवटपर्यंत टिकते. ग्लासच्या तळाशी पांढरा फिकट बर्फ उरला तर ग्रानिता चांगली नव्हती.

सोबत *ब्रिऑश कोल तुप्पो* येते: डोक्यावर अंबाड्यासारखी गाठ असलेला मऊ पाव. आधी ती गाठ तोडायची, ग्रानितात बुडवायची, मग बाकीचा पाव. चमचा नंतर.

कातानियात बदामाची घ्या, मेस्सिनात कॉफीची, वर साखर न घातलेलं फेटलेलं क्रीम घालून. तिला *काफे कोन पान्ना* म्हणायचं. जून-जुलैत काळ्या तुतीची (*जेल्सी*) मिळाली तर बाकी सगळं सोडा. पिस्ता मागताना रंग बघा: खरा पिस्ता मळकट, तपकिरीकडे झुकणारा हिरवा असतो. पोपटी हिरवा चमकत असेल तर तो रंग आहे. एत्ना ज्वालामुखीच्या उतारावरच्या ब्रोंते गावचा पिस्ता डीओपी, म्हणजे उगमस्थानाशी बांधलेल्या युरोपीय मानांकनाचा आहे आणि तिथली झाडं एक वर्षाआड पीक देतात. त्यामुळे स्वस्त ‘ब्रोंते पिस्ता’ दिसला की शंका घ्यायला जागा आहे.

ग्रानिता आणि ब्रिऑश मिळून साधारण चार-पाच युरो होतात. नोतोमधलं काफे सिचिलिया १८९२ पासून चालू आहे. तिथे रांग असते, पण बदामाच्या ग्रानितासाठी ती धरावी. सालिना बेटावर लिंगुआ गावातलं आल्फ्रेदोचं दुकानही असंच नावाजलेलं.

पालेर्मोत आणि पश्चिमेला ग्रानिता मिळते, पण तिचं घर पूर्वेला. पश्चिमेला सकाळी कॉफी आणि रिकोत्ता (मऊ, पनीरसारखं चीज) भरून तळलेला *इरिस* हा प्रकार जास्त खरा. कॉफीबरोबर बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासात पाणी देतात. ते कॉफीच्या आधी प्यायचं असतं, जीभ स्वच्छ करायला. कापुचिनो सकाळी प्या. दुपारच्या जेवणानंतर मागितलात तर देतील, पण समोरच्याला तुमच्या पोटाची काळजी वाटेल.

४. पालेर्मोचा रस्ता आणि कातानियाचा काउंटर

पालेर्मोचे तीन जुने बाजार: बल्लारो, कापो आणि वुच्चिरिया. भाजी-मासळी आणि दुपारचं खाणं यासाठी बल्लारो, सकाळी दहा ते दुपारी दीड. कापो तेआत्रो मास्सिमो या ऑपेरागृहापासून चालत जाण्यासारखा, थोडा आटोपशीर. वुच्चिरियात दिवसा आता फारसं उरलेलं नाही, तो रात्री दहानंतर प्यायला आणि उभ्यानं खायला जागा होतो. सकाळी वुच्चिरियात जाऊन ‘बाजार मेला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते फक्त बारा तास लवकर गेलेले असतात.

पहिल्यांदा खायचं ते *पाने ए पानेल्ले*. पानेल्ले म्हणजे काय हे मराठी माणसाला एका वाक्यात कळतं: पाटवडी, पण तळलेली. हरभऱ्याचं पीठ पाण्यात कालवून (अर्धा किलोला साधारण दीड लिटर), मीठ घालून गुठळी न होऊ देता घोटायचं, पार्स्ली घालायची, पातळ थापून थंड करायचं, कापून तळायचं. फोडणी नाही, तिखट नाही. तिळाच्या पावात पाच-सहा घालून वर लिंबू पिळून देतात. सोबत *कात्सिल्ली*, म्हणजे बटाट्याचे लांबट वडे, घाला म्हणावं. वडापावाची आठवण येईल, आणि हिरव्या मिरचीचीही. ती सोबत नेली असेल तर लाजू नका. कढईतून तेव्हाच काढलेल्या घ्या. काचेमागे ढीग लावलेल्या पानेल्ले दहा मिनिटांत चामड्यासारख्या होतात.

*स्फिन्चोने* हा जाड, स्पंजासारखा पाव, वर टोमॅटो, कांदा, चीज आणि पावाचा चुरा. दिसतो शाकाहारी, पण त्यात बहुधा *अच्चूगे* असतात, म्हणजे आपल्या मांदेलीच्या भावकीतले खारवलेले छोटे मासे. सॉसमध्ये विरघळून गेलेले, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत.

*अरांचीना* हा सारण भरून तळलेला केशरी भाताचा गोळा. पालेर्मोत तो गोल आणि स्त्रीलिंगी, कातानियात बहुतेकदा शंकूच्या आकाराचा आणि पुल्लिंगी: *अरांचीनो*. हा वाद इतका पेटला की २०१६ साली इटालियन भाषेच्या आकादेमिया देल्ला क्रुस्का या संस्थेला दोन्ही रूपं बरोबर असल्याचं सांगावं लागलं. तुम्ही ज्या शहरात असाल त्या शहराचं लिंग वापरा. सारण *रागू* म्हणजे खिमा. *बुर्रो* म्हणजे लोणी, पण आत हॅमही असतं. ‘लोणी’ वाचून घेतलेला शाकाहारी इथे हमखास फसतो.

आता ज्यांना सगळं चालतं त्यांच्यासाठी. *पानी का मेउसा*: वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून, कापून, डुकराच्या चरबीत परतून पावात भरतात. नुसतं लिंबू पिळून हवं तर *स्केत्तू* म्हणायचं, म्हणजे अविवाहित. चीज घालून हवं तर *मारितातू*, विवाहित. ला काला बंदराजवळचं पोर्ता कार्बोने किंवा १८३४ पासून चालत आलेलं आन्तिका फोकाच्चेरिया सान फ्रांचेस्को, दोन्हीकडे मिळेल. पहिलं उभ्यानं खायचं, दुसरीकडे टेबलखुर्च्या आणि त्यांचा दर. *स्तिग्गिओला* म्हणजे कांद्याच्या पातीभोवती गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेलं कोकराचं आतडं. संध्याकाळी जिथून दाट धूर येतो तिकडे चालत जायचं. वजडी आवडीनं खाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, बाकीच्यांनी आधी एकच तुकडा घ्यावा.

कातानियात रस्त्यावरच्या हातगाड्या कमी, काउंटर जास्त. वीया एत्नेआ या रस्त्यावर बेल्लिनी बागेसमोर साविया (१८९७ पासूनचं) आणि त्याला लागून स्पिनेल्ला. तिथला अरांचीनो गरम असताना, म्हणजे साडेबारा ते दीडमध्ये खावा. *चिपोल्लीना* हा खुसखुशीत पापुद्र्यांचा, कांदा-टोमॅटो भरलेला चौकोन. नाव कांद्याचं असलं तरी आत हॅम असतंच. वांग्याचा *आल्ला नोर्मा* अरांचीनो मिळाला तर बराचसा सुरक्षित, भात मांसाच्या रश्शात शिजवला आहे का तेवढं विचारा.

चौकाचौकांत गोल टपऱ्या दिसतात, त्यांना *किओस्को* म्हणतात. तिथे *सेल्ट्स लिमोने ए साले* मागायचं: ताज्या लिंबाचा रस, मीठ, त्यावर जोरात सोडा. म्हणजे आपला खारा लिंबू-सोडाच, साखरेशिवाय. फसफसून वर येतो तेव्हाच प्यायचा, फोटो काढत बसलात की गेला.

ला पेस्केरिया हा मासळीबाजार दुओमो चौकाच्या मागे आहे. सकाळी आठ ते बारा बघण्यासारखा, रविवारी बंद. आसपासच्या छोट्या खाणावळींत तीच मासळी तळून कागदी सुरळीत देतात.

एक इशारा. कातानियात वीया प्लेबिशितोवर रात्री फुटपाथवर शेगड्या लागतात आणि तिथे घोड्याचं मांस भाजलं जातं. *कार्ने दी कावाल्लो* म्हणजे घोडा, *आझिनो* म्हणजे गाढव. कुणी लपवत नाही, पाटीवर लिहिलेलं असतं, पण वाचता आलं पाहिजे.

५. शाकाहारी असाल तर

सिसिलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. वांगं, टोमॅटो, हरभरा, बाकला (मोठ्या वालासारखं कडधान्य), बदाम, ऑलिव्ह यांचं हे बेट आहे. अडचण वेगळीच आहे. ‘मांस नाही’ म्हटल्यावर समोरच्याच्या डोक्यात मासे, चरबी आणि रस्सा येत नाहीत. म्हणून नुसतं *सोनो वेजेतारियानो* (बाईनं म्हणायचं *वेजेतारियाना*) पुरत नाही. चिठ्ठीवर हे लिहा:

*नोन मांजो कार्ने, पेशे, अच्चूगे, प्रोशुत्तो, स्त्रुत्तो, ब्रोदो दी कार्ने.*

क्रमानं: मांस, मासे, खारवलेले छोटे मासे, हॅम, डुकराची चरबी, मांसाचा रस्सा. चिठ्ठी रोमन लिपीत दाखवता यावी म्हणून ॲपवर उतरवून घ्या. अंडी नको असतील तर *उओवा* जोडा. लसूण नको तर *आल्यो*, कांदा नको तर *चिपोल्ला*.

निर्धास्त मागवण्यासारखे पदार्थ:

- *पास्ता आल्ला नोर्मा*, कातानियाचा: तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीच्या जातीची पानं, वर किसलेला खारा रिकोत्ता.
- *कापोनाता*: वांगं, सेलरी, ऑलिव्ह, केपर (खारवलेल्या कळ्या), व्हिनेगर आणि साखर. आंबटगोड, गार खायची. क्वचित मासे घातलेला प्रकारही असतो, तेव्हा विचारा.
- *बुझियाते* हा पिळाचा पास्ता *पेस्तो त्रापानेसे* घालून, त्रापानीकडे: बदाम, टोमॅटो, लसूण, चीज. खलबत्त्यात कुटलेला असेल तर दाताखाली कण लागतात.
- *माक्कू*: वाळवलेल्या बाकल्याचं घोटलेलं दाट वरण, रानबडीशेप घालून. थंडीतला पदार्थ, रागुझा आणि एन्नाकडे.
- *स्काच्चा*: रागुझा-मोदिकाची घडीची भरलेली पोळी. टोमॅटो-चीज किंवा वांग्याची घ्या, *साल्सिच्चा* म्हणजे सॉसेज.
- *पाने कुन्झातो*: तेल, टोमॅटो, ओरेगानो, चीज घातलेला पाव. *सेंत्सा अच्चूगे* म्हणायला विसरू नका.

फसवे पदार्थ: *पास्ता कोन ले सार्दे आ मारे*. नावाचा अर्थ ‘तारल्या अजून समुद्रातच’, म्हणजे तारल्या परवडत नाहीत तेव्हाचा गरिबांचा पास्ता, पण अच्चूगे त्यातही असतात. आणि मोदिकाची *म्पानातिग्गी*: चॉकलेट-बदामाचं बिस्किट, ज्यात गोमांसाचा खिमा असतो. चवीला तो कळतही नाही. मोदिकात ‘चव बघा’ म्हणून पुढे केलेल्या प्रत्येक ताटलीतलं उचलू नका.

तळणाची कढई बहुधा एकच असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सकाळी दुकान उघडताच जाऊन पानेल्ले घ्याव्यात किंवा फक्त पानेल्ले-कात्सिल्ली तळणारी गाडी बघावी. पेकोरीनो या मेंढीच्या दुधाच्या चीजला प्राण्यांच्या जठरातलं रेनेट (दूध फाडायला) वापरतात, काटेकोर असाल तर चीजशिवाय सांगा. रोस्तिच्चेरियाच्या मऊ पिठात आणि काही ब्रिऑशमध्ये *स्त्रुत्तो* असतो.

घरच्या चवीची अगदीच ओढ लागली तर पालेर्मोत बल्लारो आणि वीया माक्वेदाच्या आसपास बांगलादेशी दुकानं आहेत. डाळ, तांदूळ, मिरच्या मिळतात.

६. बसून जेवताना: मेन्यू आणि बिल

मेन्यूचे पाच भाग: *आन्तिपास्ती*, *प्रीमी* (पास्ता, भात), *सेकोन्दी* (मासे, मांस), *कोन्तोर्नी* (भाज्या), *दोल्ची*. सगळे घ्यायची सक्ती नाही. दोघांत एक आन्तिपास्तो आणि प्रत्येकी एक प्रीमो हे भरपूर होतं. ताटली मधे ठेवून वाटून खायची असेल तर आधीच सांगा.

सर्वांत महाग चूक माशांत होते. मेन्यूवर माशासमोर ६ युरो लिहिलेलं दिसतं आणि माणूस खुश होतो. शेजारी बारीक अक्षरात *आल्लेत्तो* असतं: दर १०० ग्रॅमचा. ७०० ग्रॅमचा मासा ४२ युरोचा झाला. वेटर ताज्या माशांचा ट्रे घेऊन येतो तेव्हा दर ठरवायची वेळ तीच. मासा निवडा, *क्वांतो पेझा?* (वजन किती?) विचारा, वजन करून आणायला सांगा, मग हो म्हणा. संकोच करू नका, तिथली माणसंही विचारतात. मेन्यूवर किमतीच्या जागी ‘बाजारभाव’ असेल तर हे दुप्पट लागू.

पदार्थापुढे फुली किंवा तारा असेल तर तो गोठवलेल्या मालाचा, हे लिहिणं बंधनकारक आहे. कच्चा मासा (*क्रूदो*) खाणार असाल तर *अब्बात्तूतो* शब्द शोधा. जंतांचा धोका टाळायला तो आधी अतिथंड केलेला असावा लागतो, युरोपीय नियमांप्रमाणे उणे २० अंशांवर किमान २४ तास. घरगुती ठिकाणी ‘आत्ताच पकडलेला, कच्चाच देतो’ म्हणाले तर ते कौतुक म्हणून ऐका, शिजवून मागा. ॲलर्जी असेल तर १४ घटकांची यादी मागायचा हक्क आहे: *लिस्ता देल्यी आल्लेर्जेनी*.

बिल न मागता येत नाही. *इल कोन्तो, पेर फावोरे* म्हणा. त्यात *कोपेर्तो* ही माणशी दीड-तीन युरोंची ओळ असेल, ती पाव आणि टेबलाची. मेन्यूवर लिहिलेली असेल तर द्यावी लागते, पाव खाल्ला नाही तरी. *सेर्वित्सियो* अशी वेगळी टक्केवारी असेल तर टिप अजिबात नको. नसेल तरी सक्ती नाही, वरचे दोन-तीन युरो ठेवले की पुरे.

पाण्याची बाटलीच येते: *नातुराले* साधं, *फ्रित्सान्ते* बुडबुड्यांचं. नळाचं मागायची पद्धत नाही. आग्रिजेंतो, काल्तानिस्सेत्ता, एन्ना या भागात उन्हाळ्यात पाणी ठरावीक दिवशीच येतं आणि छतावरच्या टाक्यांत साठवतात. २०२४ च्या दुष्काळात तिथे टँकर फिरत होते. मराठवाड्यातल्या माणसाला अशा टाकीतलं पाणी का टाळायचं हे वेगळं सांगायला नको.

७. गोड

*कान्नोलो*, म्हणजे गोड रिकोत्ता भरलेलं तळलेलं नळकांडं, काउंटरमागे तयार भरून ठेवलेला असेल तर घेऊ नका. नळकांडं तासाभरात ओलं होतं. *रिएम्पितो आल मोमेन्तो*, मागितल्यावर भरणारं दुकान हवं. रिकोत्ता मेंढीच्या दुधाचा, त्यामुळे तो हिवाळा ते वसंत या काळात सर्वांत चांगला. भर उन्हाळ्यात मेंढ्यांचं दूध आटतं. पियाना देल्यी आल्बानेझी आणि त्रापानीजवळचं दात्तिलो ही दोन गावं मोठ्या कान्नोल्यांसाठी प्रसिद्ध आहेत, दोघांत एक पुरतो. शाकाहाऱ्यांनो, नळकांड्याच्या पिठात चरबी असते बरेचदा.

मोदिकाचं चॉकलेट (आयजीपी हे भौगोलिक ओळखीचं मानांकन २०१८ चं) कमी उष्णतेवर करतात. साखर विरघळत नाही आणि खाताना कचकच लागते. ते बिघडलेलं नसतं. जेलातो (इटालियन आइस्क्रीम) झाकणाच्या स्टीलच्या भांड्यांत ठेवणाऱ्या दुकानातून घ्या. रंगीत डोंगर रचलेले दिसले तर पुढे चला.

८. वाइन आणि बाकीचं

त्रात्तोरियात *वीनो देल्ला काझा* म्हणजे घरची सुटी वाइन, *क्वार्तो* (पाव लिटर) किंवा *मेद्झो लीत्रो*. रोजच्या जेवणाला ती पुरे.

बाटली घ्यायची तर प्रदेश बघून. एत्ना डीओसी (प्रदेशाचं वाइन-मानांकन, १९६८ पासून) चा लाल नेरेल्लो मास्कालेसे द्राक्षाचा: रंगानं फिका, चवीला करकरीत. पांढरा कार्रिकान्तेचा, माशांबरोबर. दक्षिणेला चेराझुओलो दी वित्तोरिया, म्हणजे नेरो दाव्होला आणि फ्राप्पातोचं मिश्रण, हलकंसं गार करून. पश्चिमेला पांढरी ग्रिल्लो. जेवणानंतर पान्तेल्लेरिया बेटाची गोड *पास्सीतो*, वाळवलेल्या द्राक्षांची. तिथल्या वेली वाऱ्यापासून वाचवायला खड्ड्यात बुटक्या वाढवतात. ही पद्धत २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

मार्सालाबद्दल थोडं जास्त, कारण बहुतेकांना ती स्वयंपाकातली बाटली वाटते. १७७३ च्या सुमारास जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासात टिकावी म्हणून तिथल्या वाइनमध्ये अल्कोहोल मिसळून ती इंग्लंडला पाठवली, तिथून हा धंदा वाढला. लेबलवर *फीने* म्हणजे किमान १ वर्ष मुरलेली, *सुपेरिओरे* २ वर्षं, *सुपेरिओरे रिझेर्वा* ४, *वेर्जिने* ५. दुकानात सर्वांत खाली ठेवलेली ‘फीने’ सॉसमध्ये घाला. प्यायला कोरडी (*सेक्को*) वेर्जिने घ्या, जेवणाआधी, गार, जुन्या पेकोरीनोच्या तुकड्याबरोबर.

बिअरमध्ये मेस्सिनाची बिर्रा देल्लो स्त्रेत्तो दिसली तर घ्या. बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती सुरू केली. जेवणानंतर *आमारो* हे कडू मद्य: काल्तानिस्सेत्ताचा आवेर्ना सगळीकडे मिळतो. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ *आपेरितीवो*, म्हणजे जेवणाआधीचं पेय. एका ग्लासबरोबर ऑलिव्ह, शेंगदाणे, कधी छोटे पिझ्झे येतात, पण ते रात्रीचं जेवण समजू नका. गाडी चालवणार असाल तर मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

९. तारीख बघून जा

१३ डिसेंबर, सान्ता लुचिया: पालेर्मोत त्या दिवशी पाव आणि पास्ता खात नाहीत. दुष्काळात धान्याचं जहाज आलं आणि लोकांनी दळायची वाट न बघता गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी आख्यायिका. दिवसभर अरांचीने आणि *कुच्चिया*, म्हणजे अख्ख्या गव्हाची खीर, दुधाऐवजी गोड रिकोत्तातली. ३ ते ५ फेब्रुवारी कातानियात सान्त आगाता या संत स्त्रीचा उत्सव. १९ मार्चला माक्कू. सप्टेंबरात सान व्हितो लो कापोला कुसकुसचा (रव्याच्या वाफवलेल्या कणांचा) उत्सव, माशांच्या रश्शातला. शाकाहारी ताटलीही मागून मिळते. २ नोव्हेंबरच्या आसपास *फ्रुत्ता मार्तोराना*, बदामाच्या पिठाची रंगवलेली फळं.

ही फळं आणि मोदिकाचं चॉकलेट घरी न्यायला सोयीची, आठवडाभर सहज टिकतात. मार्साला चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. भारतात माणशी २ लिटरपर्यंत दारूवर शुल्क नाही. कान्नोल्याची फक्त रिकामी नळकांडी डब्यातून न्या. रिकोत्ता प्रवासात नासतो, तो विमानतळावरच खाऊन संपवा.